मेश्राम सरांचं गाळलेलं पान

मेश्राम सर,

परवा शाळेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. तिथे तुमच्याबद्दल एक खोटं वाक्य बोललं गेलं. ते खोटं आहे हे तिथल्या तीनच माणसांना माहीत होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, त्यांच्या शेजारी तुमची लेक प्रज्ञा आणि चौथ्या रांगेत मी. त्या दोघींनी बोलायचं काही कारण नव्हतं. मला होतं. मी गप्प बसले.

वाक्य आपल्या माजी मुख्याध्यापकांचं. तुमच्या फोटोकडे बघत, लाडानं बोलल्यासारखं ते म्हणाले, "मेश्राम सर म्हणजे उत्तम इतिहासशिक्षक. फक्त इंग्रजांबद्दल त्यांना जरा सॉफ्ट कॉर्नर होता. काय सर, बरोबर ना?" लोक हसले. शोकसभेत जेवढं हसणं शोभतं तेवढंच हसले. प्रज्ञानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलाकडे आपण वर्गात बघायचो, तसं ते बघणं होतं.

मी उठले असते तर दुसरं वाक्य मला माझ्याबद्दल बोलावं लागलं असतं. म्हणून आज इथे लिहिते आहे. हळूहळू लिहीन. "बाई लिहायला बसल्या की आधी कागदाची परवानगी काढतात," हे तुमचंच म्हणणं.

तुम्ही शाळेत रुजू झालात तो दिवस मला आठवतो. मधल्या सुट्टीत डबे उघडलेले होते. आपल्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तुम्हाला विचारलं, "मेश्राम म्हणजे कुठले हो तुम्ही?"

"वर्धा जिल्ह्यातला. हिंगणघाटकडचा."

"हो, ते झालंच. पण म्हणजे, कुठले?"

"एसटी स्टँडवर उतरलं की डाव्या हाताला," तुम्ही म्हणालात आणि पोळीचा तुकडा मोडलात.

मला ठसका लागला. पुण्यात जन्मून, पुण्यात वाढून मला असं उत्तर कधी सुचलं नव्हतं. आपली मैत्री तिथे सुरू झाली असं मी समजते. तुम्ही काय समजत होतात ते कधी विचारलं नाही.

नववीला मी साम्राज्यवाद शिकवायचे तो फळ्यावर. कच्चा माल, बाजारपेठ, भांडवलाची गुंतवणूक, धर्मप्रसार, वंशश्रेष्ठत्वाची कल्पना. पाच मुद्दे, पाच गुण, प्रत्येक मुद्द्याखाली रेघ. मुलांना गुण मिळायचे, पालक खूश असायचे. शेजारच्या तुकडीत तुम्ही तोच धडा घ्यायला पिशवीभर कापूस घेऊन गेलात. सरकीसकट. प्रत्येक मुलाला मूठभर दिलात आणि सांगितलंत, सरकी काढा. तासभर चाळीस मुलं सरकी काढत बसली. एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे?" तुम्ही म्हणालात, "नाही. हे बोटांना आहे." तास संपताना तुम्ही एकच प्रश्न विचारलात: याचं कापड होईल, ते कोण घालेल? मुलं हातातल्या कापसाकडे बघू लागली. "ज्यानं सरकी काढली तो नाही. एवढं समजलं असेल तर उरलेला धडा घरी वाचा."

पुढच्या तासाला त्या वर्गात मी गेले तर जमिनीवर कापूस, बाकांवर कापूस, माझ्या साडीला कापूस. मी चिडले होते. त्या तुकडीतल्या मुलांना तो धडा अजून आठवतो. माझ्या तुकडीतल्यांना पाच मुद्दे आठवत असतील का, याची मला शंका आहे.

आफ्रिकेच्या नकाशावर तुम्ही बोट फिरवायचात. "नदी कधी सरळ वाहते का? डोंगर सरळ उभा राहतो का? मग हे देश असे पट्टीनं आखल्यासारखे कसे?" आणि मग खालच्या आवाजात सांगायचात की ते पट्टीनंच आखले. आखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती जमीन पाहिलेली नव्हती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आजही माणसं मरतात.

आपले वाद हा माझ्या नोकरीतला खरा पगार होता. तुमचं म्हणणं असं की पाच मुद्दे बिद्दे काही नाही, हेतू एकच. दुसऱ्याच्या श्रमावर जगायचं. बाकीचे चार म्हणजे त्या हेतूला नेसवलेली धोतरं. मी म्हणायचे, सर, असं म्हटलं की सगळेच लोभी होतात आणि सगळेच लोभी झाले की कोणीच दोषी उरत नाही. लोभ कुठे नव्हता? पण गिरणी, बँक आणि तोफ या तिन्ही गोष्टी एका हातात त्या काळात युरोपातच आल्या. गिरणीला कापूस लागतो, कापडाला गिऱ्हाईक लागतं, बँकेला व्याज लागतं. एका देशानं मुलूख घेतला की शेजारच्याला झोप लागत नाही. हे यंत्र आहे. त्याचा इतिहास लिहायचा असतो, स्वभावाचा नाही.

"यंत्र कोण चालवतं, बाई?"

"माणसंच. पण यंत्र नसतं तर त्या माणसांनी आपल्याच गल्लीत दादागिरी केली असती. कांगोत रबरासाठी हात तोडले नसते."

"गल्लीतल्या दादागिरीला तुम्ही लईच कमी मार्क देता."

"तुम्ही जास्त देता."

"मी त्या गल्लीत राहिलोय."

घंटा व्हायची. उद्या पुढचं, म्हणून आपण खडू उचलायचो. यंत्राबद्दल माझंच बरोबर आहे असं मला आजही वाटतं, सर. तुम्ही गेलात म्हणून तो मुद्दा मी सोडणार नाही. गल्लीबद्दल मात्र मी कमी मार्क दिले होते. किती कमी, ते पुढे लिहिते.

एकदा वर्गात तुम्ही विचारलंत, "आपल्याकडे जहाजं आणि तोफा असत्या तर आपण गेलो असतो का दुसऱ्यांवर राज्य करायला?" पुढच्या बाकावरची मुलगी ताठ उभी राहिली. "नाही सर. आपण कोणावर अन्याय करत नाही." तुम्ही म्हणालात, "छान. मग तुझ्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा का असतो, ते आज आईला विचारून ये." दुसऱ्या दिवशी आई आली. कोथरूडमधल्या सोसायटीतून, दुचाकीवरून, हेल्मेटसकट थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. तुमचा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात कुठे आहे, असं तिचं म्हणणं. मी विषयप्रमुख म्हणून मध्ये पडले, तिला समजावलं, चहा दिला. मग तुमच्याकडे येऊन म्हणाले, "सर, असले प्रश्न थोडे टाळता येतील का?"

तुम्ही म्हणालात, "बाई, तिला तुम्ही चहा कोणत्या कपात दिला?"

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

मग पुस्तक. 'ते का आले?' या पुस्तकाची कल्पना तुमची, नाव मी सुचवलेलं. वर्गाबाहेर वाचायचं, मुलांसाठी, सोप्या भाषेत. युरोपातले देश जगभर का गेले आणि त्यांच्या जाण्यानं जगाचं काय झालं. दक्षिण अमेरिकेतली चांदी, उसासाठी जहाजांतून नेलेले गुलाम, चीनच्या गळी उतरवलेली अफू, कांगोचं रबर, आपला कापूस आणि आपली नीळ. प्रकरणं वाटून घेतली. बंगालच्या मलमलीचं पान मी लिहिलं. विणकरांचे अंगठे तोडल्याची गोष्ट त्यात घालायचा माझा विचार होता. तुम्ही अडवलंत. "पुरावा कच्चा आहे, बाई. गिऱ्हाईक गेलं, ते उपाशी मेले, एवढं पुरे. तेच जास्त भयंकर आहे." ते पान माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे, आणि त्यातलं संयमाचं वाक्य न् वाक्य तुमचं आहे.

शेवटचं पान तुम्ही लिहिलंत. आता ते माझ्यासमोर आहे. कसं आलं ते सांगेन. आधी ते इथे उतरवते, कारण आजवर ते कुठेही छापलं गेलेलं नाही.

"माझे पणजोबा जाडंभरडं कापड विणत. विलायतेचं स्वस्त कापड आलं आणि त्यांचा माग बंद पडला. त्या विलायती कापडासाठी आमच्याच शिवारातला कापूस जात होता. तो न्यायला रेल्वे आली. ती आमच्यासाठी आली नव्हती, गाठींसाठी आली होती. माझे आजोबा गाठी चढवायच्या कामाला लागले आणि एक दिवस त्या गाठींबरोबर स्वतःही गावाबाहेर निघाले. त्या गावात त्यांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. ती बंदी गोऱ्यांनी घातलेली नव्हती. ते यायच्या कितीतरी आधीपासून ती होती. दुसऱ्याच्या श्रमावर जगायचं, त्यालाच हलकं म्हणायचं आणि हे सगळं त्याच्या भल्याचं आहे असं सांगायचं, याला जगाच्या इतिहासात साम्राज्य म्हणतात. आमच्याकडे त्याला गाव म्हणत. म्हणून मुलांनो, ते का आले याचं उत्तर लिहिताना त्यांचे आभार मानू नका. त्यांनी आमच्यासाठी काही केलेलं नाही. पण ते येण्याआधी सगळं छान होतं, असंही लिहू नका. माझा आजा खोटा पडेल."

इतकंच. या माणसाला इंग्रजांबद्दल सॉफ्ट कॉर्नर होता, असं परवा सांगितलं गेलं.

प्रूफं आली तेव्हा तुम्ही हिंगणघाटला होतात. तुमची आई दवाखान्यात होती. पुस्तक छापतात ते सोळा सोळा पानांच्या फॉर्मात. सहा फॉर्म म्हणजे शहाण्णव पानं. आपलं भरलं सत्त्याण्णव. प्रकाशक म्हणाले, एका पानासाठी सातवा फॉर्म परवडत नाही, एक पान काढा. इथवर सगळं खरं आहे. त्यानंतर मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि तुमच्या पानावर उभी रेघ मारली. समासात लिहिलं, 'विषयांतर. गाळावे.'

तुम्हाला फोन केला. "सर, एक पान जातंय. फॉर्म बसत नाहीये."

"कोणतं?"

"शेवटचं."

तुमच्या मागे दवाखान्यातला आवाज येत होता. कोणीतरी कोणाचं तरी नाव पुकारत होतं. "बाई, दुसरं काही निघतंय का बघा जरा."

"बघते," मी म्हणाले. बघितलं नाही.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहिते. पुस्तक युरोपीय साम्राज्यवादावर आहे, गावावर नाही. शाळा हे पुस्तक ग्रंथालयात घेतील की नाही, बघायला हवं. ती हेल्मेटवाली आई पुन्हा येईल. सरांनाच त्रास होईल. शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त आवडलं होतं. पान काढलं ते तुमच्या भल्यासाठी.

एक गोष्ट मी विसरले. तुम्ही प्रेसमधून प्रूफं घरी न्यायचात. कागद वाया घालवणं तुम्हाला पाप वाटायचं. पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही प्रश्न काढायचात आणि उरलेले कागद प्रज्ञाला गणितं सोडवायला द्यायचात. हे मला पंधरा वर्षं माहीत होतं. त्याच पाठकोऱ्या कागदांवर तुम्ही मला निरोप लिहायचात. तरी मी समासात खरं कारण लिहून ठेवलं. चांगली शिक्षिका आहे ना, शेरा लिहिल्याशिवाय रेघ मारता येत नाही.

हिंगणघाटहून परतल्यावर तुम्ही त्या प्रूफांचे कागदही प्रेसमधून घरी नेलेत. प्रज्ञा तेव्हा दहावीत होती. त्रिकोणमितीचं गणित अडलं म्हणून तिनं कागद उलटा केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही तो कागद माझ्यासमोर ठेवलात. आधी गणिताची बाजू वर होती. मग तुम्ही तो पालथा केलात.

"बाई, फॉर्म बसत नव्हता म्हणालात."

"नव्हताच बसत, सर."

"ते खरं. पण इथे तसं लिहिलेलं नाही."

"पुस्तक युरोपीय साम्राज्यवादावर आहे..."

"होय ना. म्हणूनच." तुम्ही कागदाची घडी घातलीत. "तुमच्या आजोबांना इंग्रजांनी नोकरी दिली. पुढे नोकरी सोडून ते तुरुंगात गेले. तुम्हाला दोन्हींचा अभिमान आहे. असावाच. माझ्या आजोबांनी कापसाच्या गाठी चढवल्या. त्याचा मी अभिमान धरला की ते विषयांतर. काहून बाई?"

तुम्ही चिडल्यावर तुमची भाषा वर्ध्याला जायची. मी डब्याला झाकण लावलं. आज लिहिताना तरी उत्तर सुचेल असं वाटलं होतं.

मग तुम्ही म्हणालात, "चहा घेता?" आणि त्या चहापासून तुम्ही माझ्याशी वाद घालणं बंद केलंत.

बोलणं बंद केलं असतंत तर बरं झालं असतं. तुम्ही सभ्य झालात. आणखी सहा वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून तुम्ही माझ्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावलीत. मी तुम्हाला डिवचायचा प्रयत्न केला. एकदा मुद्दाम म्हणाले, "काही म्हणा सर, रेल्वे ही इंग्रजांची देणगीच." याच वाक्यावर पूर्वी तुम्ही तीन तास भांडला असतात. देणगी कोणाची, रूळ कोणाच्या पैशानं, कोणाच्या मजुरीनं, कोणाच्या गाठींसाठी! तुम्ही वहीवरून मान वर केलीत. "असेल, बाई."

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तुम्ही तीन मिनिटं बोललात. तीनही मिनिटं स्तुती. एकही टोमणा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "मेश्राम सर आज अगदी परक्यासारखे बोलले." तो म्हणाला, "चांगलंच तर बोलले." त्याला काय सांगणार? माझ्याशी भांडावं इतकी मी तुमची उरले नव्हते.

तरीही मी माफी मागितली नाही. दर वर्षी वाटायचं, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ते पान घालू आणि मग आपोआप मिटेल. आवृत्ती निघावी म्हणून मी काही केलं नाही. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तुमच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. वेळ आहे असं धरून चालले होते. मग एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला की बाबा गेले, झोपेतच गेले.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन. "बाई, सरांच्या निमित्तानं दुसरी आवृत्ती काढून टाकू. तुम्ही दोन शब्द लिहा. जरा हृद्य होऊ द्या." मी म्हणाले, एक पान घालायचं आहे, पण ते माझ्याकडे नाही.

बसनं खडकीला गेले. वहिनी दारातच होत्या. दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं नोकरी केलेली बाई. दुःखातही पाठ ताठ. "बसा. उन्हातून आलात," म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या. प्रज्ञा लॅपटॉप बंद करून समोर बसली. तुम्ही हिवाळ्यात शाळेत घालायचात तो करडा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच होता.

मी म्हणाले, "प्रज्ञा, ते पान हवं होतं. पुस्तकात घालायचं आहे."

"आत्ता?"

"दुसरी आवृत्ती निघते आहे."

"बाबा असताना नव्हती निघत?"

"मागणी नव्हती गं तेवढी."

"कशाला? पुस्तकाला की पानाला?"

"प्रज्ञे," वहिनी तांब्या-भांडं ठेवत म्हणाल्या, "पाणी तर पिऊ दे त्यांना." मग माझ्याकडे वळल्या. "ते तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, बाई. मीच बोलली. बहुत बोलली. ते म्हणायचे, बाई वाईट नाही, फक्त घाबरते. मी म्हणायची, घाबरणाऱ्या माणसानंच आपलं जास्त नुकसान केलं."

मी पाणी प्याले. दुसरं काय करणार होते?

प्रज्ञानं आतून कागद आणला. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. एका बाजूला तुमचा मजकूर आणि माझी लाल रेघ, दुसऱ्या बाजूला अर्धवट सोडलेलं गणित. मी हात पुढे केला. तिनं कागद दिला नाही.

"पुस्तक किती पानांचं आहे, बाई?"

"शहाण्णव."

"म्हणजे हे घातलं की पुन्हा सत्त्याण्णव."

"हो, पण आता प्रकाशक एक फॉर्म वाढवायला तयार आहेत. सरांचे फोटो, दोन आठवणी आणि परिशिष्ट म्हणून हे पान..."

"परिशिष्ट नको." तिचा आवाज चढला नाही. तुमचाच आवाज. "फोटो नकोत. बाबांचं पान एक्स्ट्रा नको. ते जिथे होतं तिथे हवं. टू बी फेअर, बाई, तेव्हा कोणाचं तरी एक पान जायचंच होतं ना? मग ते आता जाऊ दे. कोणाचं, ते तुम्ही ठरवा. तेव्हाही तुम्हीच ठरवलं होतं."

मी हो म्हणाले. तिनं कागद दिला.

परिशिष्ट हा शब्द माझ्या तोंडी कसा आला, याचा विचार मी बसमध्ये करत राहिले. तो नऊ वर्षं तयार होता. पुस्तक आमचं, शेवटी तुमची सोय. ज्यांचं राज्य असतं ती माणसं अशीच उदार होतात. वसतिगृह काढतात, पुतळा उभारतात, परिशिष्ट जोडतात. मुख्य मजकुराला हात लावू देत नाहीत. साम्राज्याचे जगावर झालेले परिणाम मी तीस वर्षं शिकवले, सर. रबर, अफू, नकाशावरच्या रेघा. परिणाम सांगताना मी नेहमी फळ्याजवळ उभी असायचे, नकाशाच्या बाहेर.

घरी येऊन पुस्तक उघडलं आणि काढायला पान शोधू लागले. आणि ऐका, कारण हे तुम्हालाच सांगायचं आहे. माझा हात पहिल्यांदा तुमच्या कांगोच्या प्रकरणाकडे गेला. मनात आलं, हे जरा लांबलंय, इथून एक पान सहज निघेल. तुम्ही जाऊन सोळा दिवस झाले होते, तुमच्या घरचं पाणी पिऊन मी नुकतीच परतले होते, आणि तरीही आधी तुमचंच पान. मग स्वाध्यायाकडे गेला, नकाशाकडे गेला. मलमलीच्या पानावर तो सगळ्यात शेवटी आला. दुपारभर मी ते पान पुन्हा पुन्हा वाचत बसले. चार वाजता रेघ मारली. समासात काही लिहिलं नाही.

प्रेसमध्ये प्रकाशक हळहळले. "बाई, मलमल काढता? अहो, पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान ते."

"माहीत आहे."

"आणि सरांच्या पानाखाली ही टीप कशाला?"

टीप दोन ओळींची आहे. 'हे पान पहिल्या आवृत्तीत मी गाळले होते. जागा नव्हती हे खरे. पण कारण ते नव्हते.' खाली माझं नाव.

"सुधारित आवृत्ती म्हणू की! लोकांना कशाला सांगायचं हे सगळं?"

"सुधारित नाहीये हो. मूळ आहे."

त्यांनी खांदे उडवले आणि टीप ठेवली. छापून झाल्यावर पहिली प्रत माजी मुख्याध्यापकांना मी स्वतः नेऊन देणार आहे. शेवटचं पान समोर बसून त्यांच्याकडून वाचून घेईन. ते चहा देतील, विषय बदलतील. मी बदलू देणार नाही.

यानं काही फिटलं असं मी मानत नाही. अशी माफी मी धड्यात शिकवली आहे. ज्यांच्यावर अन्याय केला ती माणसं मेली, की सरकारं सभागृहात उभी राहून खेद व्यक्त करतात. जिवंतपणी खेद व्यक्त केला तर समोरचा काहीतरी बोलण्याची भीती असते. मीही तुमच्या बोलण्याचीच वाट पाहत होते आणि त्यालाच घाबरत होते.

पण काल संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मलमलीचं पान म्हणजे विणकरांचं पान. तुमचे पणजोबाही विणकर होते. तुम्ही समोर असतात तर पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला असतात, "वा बाई! माझा आजा आत घेतला आणि त्याच्या बापाच्या बिरादरीला बाहेर काढलं? दोन्ही खरं होतं ना?" मी चिडून म्हणाले असते, "मग कोणतं काढू? तुमचीच पोर म्हणाली, एक काढा. फॉर्म सोळाचाच असतो, सर, तो काही मी ठरवला नाही."

यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला सुचत नाही. पंधरा वर्षं तुमचं पुढचं वाक्य मला आधी कळायचं. मी उत्तर तयार ठेवूनच बसायचे. हे वाक्य मला येत नाही.